वरातीतून सुटलेली घोडी: चौदा महिन्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम विदर्भातील कपाशी आणि तुरीच्या पट्ट्यातल्या एका गावात घडले. गाव, तालुका आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. घोडीचे चांदणी हे नावही बदललेले आहे. आमचा गट लहान असून संकटात सापडलेल्या प्राण्यांची सुटका आणि तात्पुरता सांभाळ एवढेच त्याचे काम आहे. आमचा अनुभव गाई-बैलांचा आणि कुत्र्यांचा होता, घोड्याचा जवळजवळ नव्हताच, हे सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढच्या काही चुका त्यातूनच झाल्या.

चांदणी वरातीची घोडी होती. लग्नसराईत, म्हणजे विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो त्या दिवसांत, तिला डांबरी रस्त्यावर बँड, डीजे आणि फटाक्यांच्या मधोमध तासन्‌तास चालवले जात होते आणि मध्येच थांबवून नाचवलेही जात होते. हंगाम संपला की अशा घोडीची कमाई थांबते, चाऱ्याचा खर्च मात्र थांबत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती एका तालुक्याच्या गावाबाहेर बाभळीला आखूड दोराने बांधलेली आढळली. जवळ पाणी नव्हते. उंची ५८ इंच, कानांची टोके आत वळलेली, म्हणजे मारवाडी रक्त असावे. दातांवरून वय साधारण १२ वर्षे. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. घोड्याची अंगस्थिती १ ते ९ अशा अंकांत मोजतात, त्यात डॉक्टरांनी तिला २ अंक दिले. ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेले होते, जिभेवर जुना आडवा व्रण होता आणि चारही खूर वाढून पुढे आले होते.

ताब्याचा निर्णय

तोंडाला अशा जखमा करणारा काटेरी लगाम वापरण्यास ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे आणि उपाशी ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात लिहिलेला दंड मात्र १० ते ५० रुपये आहे. एवढ्या पैशांत आजकाल घोडीचा एक वेळचा चाराही येत नाही.

पोलिसांत तक्रार देऊन घोडी मुद्देमाल म्हणून न्यायालयामार्फत ताब्यात घ्यायची, की मालकाकडून लेखी हक्कसोड घ्यायची, असे दोन मार्ग आमच्यापुढे होते. पहिल्या मार्गात २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना प्राणी निवाऱ्यात ठेवता येतो आणि खर्चाची हमी मालकाकडून घेता येते, परंतु निकालापर्यंत घोडीचे भवितव्य टांगणीला राहते. आम्ही दुसरा मार्ग घेतला. पोलीस पाटलांसमोर स्टॅम्प पेपर झाला आणि पशुवैद्यकाच्या तपासणीचा दाखला त्याला जोडला. घोडी त्याच दिवशी आमच्याकडे आली, पण मालकाच्या दावणीला असलेल्या आणखी दोन घोड्यांबाबत बोलण्याचा आमचा आधारच त्यामुळे संपला.

त्या दिवशी आमच्यापैकी काहींनी मालकाला आणि घोडी धरणाऱ्या त्याच्या गड्याला पुष्कळ सुनावले. राग समजण्यासारखा होता. त्याची किंमत काय पडली, ते पुढे येईल.

पहिले पंधरा दिवस

गटाच्या ओळखीतील एका शेतकरी कुटुंबाने शेतातील गोठ्यामागची जागा दिली. घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणतो आणि त्यांच्या सुनेला वहिनी. जागा साधारण ४० फूट लांब आणि ६० फूट रुंद होती. शेताला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी काटेरी तार ओढलेली होती. घोडा घाबरला की तार पाहत नाही, म्हणून तीन बाजूंची तार काढून तिथे लाकडी बल्ल्या लावल्या. चौथी बाजू काकांच्या तुरीला लागून होती. पेरणी तोंडावर आलेली असल्याने ती तार नंतर काढू, असे ठरले.

ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होऊ शकतो आणि त्याची बाधा ठरली तर कायद्याप्रमाणे जनावर मारावे लागते. त्यामुळे रक्ताचा नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीला गेला आणि निष्कर्ष येईपर्यंत घोडी एकटी ठेवली. घोडा कळपात राहणारा प्राणी असल्याने हा एकटेपणाही तिला जाचत होता, पण त्याला इलाज नव्हता. धनुर्वाताची लस पहिल्याच दिवशी दिली, कारण त्या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो.

चाऱ्याच्या बाबतीत गावाचे प्रेम आवरणे हेच काम होऊन बसले. उपाशी घोडी आली म्हटल्यावर बायामाणसे भिजवलेला हरभरा, गूळ, भाकरी घेऊन येऊ लागली. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पिष्ट आणि साखर मिळाली तर रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण कोसळून तो दगावू शकतो, शिवाय घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळही जिवावर बेततो. पहिले दहा दिवस दर चार तासांनी थोडी थोडी लसूणघास, नंतर हळूहळू ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. वहिनींनी बांधाशी एक टोपले ठेवले आणि येणाऱ्याने आणलेले त्यात टाकावे, म्हणजे कोणाचे मन मोडणार नाही, असा मार्ग काढला. टोपल्यातला सगळा हरभरा काकांच्या बैलांनी खाल्ला.

समस्या

तिसऱ्या आठवड्यात अंगात थोडी शक्ती आल्यावर घोडीचे खरे वागणे दिसू लागले. आधी ती मुकाट उभी राहत असे आणि आम्ही त्याला शांत स्वभाव समजत होतो. आता कोणी आत पाऊल टाकले की ती विरुद्ध कोपऱ्यात जाई, मागचा भाग माणसाकडे करी आणि शेपटी आत दाबून घेई. हात उंचावला तर मान झटकून वर फेकी. उजव्या बाजूने कोणी गेले तर लाथ ठरलेली. डाव्या बाजूने गेल्यास ती फक्त दूर सरके. उजव्या बाजूने मार खाल्ल्याची ही आठवण असावी, असा अर्थ आम्ही लावला आणि नोंदवहीत तसे ठामपणे लिहूनही टाकले.

त्याच वेळी खुरांचे काम तातडीचे होत चालले होते. पावसाळा लागला होता, काळी माती चिकट झाली होती आणि पुढच्या डाव्या खुराच्या तळव्यातील मऊ त्रिकोणी भागाला कुजका वास येऊ लागला होता. उपचारासाठी पाय हातात घेणे आवश्यक होते आणि पाय हातात घेतला की जेमतेम सुरू झालेली ओळख पुसली जाण्याची भीती होती.

विचारात घेतलेले पर्याय

जिल्ह्यातील एका अनुभवी घोडेवाल्याने आठ दिवसांत घोडी हाताळण्याजोगी करून देण्याची तयारी दाखवली. खांबाला आखूड बांधून, अंगावर पोते फिरवत, ती थकून स्थिर होईपर्यंत थांबायचे नाही, अशी ती रीत होती. या रीतीने घोडा स्थिर होतो, हे खरे आहे. परंतु सुटकेचा मार्गच न उरलेला प्राणी प्रतिकार सोडून देतो तेव्हा त्याची भीती गेलेली नसते. सेलिग्मन आणि मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही हतबलता दाखवून दिली होती. पहिल्या आठवड्यातील मुकाटपणाला आम्ही शांतपणा समजलो होतो, तोही बहुधा याच जातीचा होता.

दुसरा पर्याय तिला एखाद्या मोठ्या गोशाळेच्या कुरणात सोडून देण्याचा होता. माणसाचा संबंधच नको, असे गटातील दोघांचे मत होते आणि त्यामागची भावना मला पटत होती. पण सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटणे, दात घासणे आणि जखम पाहणे या गोष्टी घोड्याला आयुष्यभर लागतात. माणसाला अंगाजवळ येऊ न देणारी घोडी प्रत्येक उपचाराच्या वेळी पुन्हा जबरदस्तीला सामोरी गेली असती. घोड्यांसाठीच चालवल्या जाणाऱ्या दूरच्या निवाऱ्यात पाठवण्याचाही विचार झाला. त्या अंगस्थितीत शेकडो किलोमीटरचा ट्रकचा प्रवास डॉक्टरांनी नाकारला.

उरला तो सावकाशीचा मार्ग, ज्यात घोडीला नको म्हणण्याची मुभा राहील आणि नको म्हटल्यावर माणूस खरोखरच मागे जाईल. याला किती महिने लागतील, हे कोणीच सांगू शकत नव्हते. काकांनी जागेची मुदत घातली नाही म्हणूनच हा पर्याय आम्हाला परवडला. भाड्याच्या जागेत आमचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

प्रत्यक्ष काम

चारा-पाण्याची वेळ, मार्ग आणि माणूस ठरवून टाकला. वहिनी सकाळी सहा आणि सायंकाळी पाच वाजता, त्याच फाटकातून, येताना बोलत येत आणि चारा ठेवून निघून जात. पहिले बारा दिवस त्यांनी घोडीकडे एकही पाऊल टाकले नाही. मला हे संथ वाटत होते. माझी चुळबूळ पाहून काका एकदा म्हणाले, “तिले हात लावाची येवढी घाई काहून करून राह्यले जी? आधी तिले आपलं येणंजाणं तर समजू द्या.” नोंदवहीतील सगळ्या नियमांपेक्षा या वाक्याचा आम्हाला अधिक उपयोग झाला.

त्यानंतर अंतर मोजून जवळ जाणे सुरू झाले. घोडी दूर जाईल त्याच्या एक पाऊल आधी थांबायचे. तिने कान वळवला, मान खाली केली किंवा श्वास सोडला की आपणच मागे फिरायचे. मागे फिरणे हेच तिचे बक्षीस असते, कारण माणूस दूर जावा हीच त्या क्षणी तिची इच्छा असते. ती पळाल्यानंतर मागे फिरलो तर पळणे उपयोगी पडते असा धडा तिला मिळतो. ही वेळ साधणे ऐकायला सोपे आणि करायला अवघड आहे. माझ्याकडून ती पहिल्या महिन्यात अनेकदा चुकली, वहिनींकडून क्वचितच.

नोंदींसाठी आम्ही बाहेरून दिसेल असे माप निवडले. विश्रांतीत घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात आणि बरगडीमागची हालचाल पाहून ते लांबूनही मोजता येतात. सुरुवातीला वहिनी २२ पावलांवर असताना श्वास ३० च्या पुढे जात. जुलैच्या मध्यात १२ पावलांवर ते १८ झाले. ग्लँडर्सचा अहवाल निर्दोष आल्यावर काकांची एक वयस्क बकरी तिच्या सोबतीला सोडली. दोन दिवसांत दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहू लागल्या आणि बकरी वहिनींकडे धावली की घोडी दोन पावले तरी मागोमाग येऊ लागली. बकरी आधी का आणली नाही, असे वाटते, पण तो रोग शेळ्यांनाही होऊ शकत असल्याने अहवालाआधी ते शक्य नव्हते.

खुरांचा पेच

जुलैअखेर खुराचा वास वाढला आणि घोडी तो पाय टेकेनाशी झाली. विश्वासाची प्रगती चालू होती, पण पाय देण्याइतकी ती पुढे गेलेली नव्हती. वरच्या ओठाला दोरीचा पीळ देऊन धरणे हा प्रचलित उपाय होता आणि तोंडाच्या जखमा नुकत्याच भरलेल्या घोडीच्या बाबतीत तो आम्ही टाळला. डॉक्टरांनी झायलाझिनचे इंजेक्शन देऊन उभ्या स्थितीतच काम करायचे ठरवले. अशक्त जनावरात गुंगीच्या औषधाची मात्रा जपून द्यावी लागते आणि गुंगीतही घोडा लाथ मारू शकतो, म्हणून मागे कोणी उभे राहिले नाही. नालबंद दादांचा हात बैलांवर बसलेला होता, आणि बैलाला पाडून नाल ठोकतात, तर घोड्याचा पाय उभ्यानेच मांडीवर घ्यावा लागतो. त्यांनी आदल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात जाऊन ते पाहून घेतले होते. दोन्ही पुढचे खूर त्या दिवशी झाले, मागचे नंतर.

हे काम वहिनींच्या फाटकापासून लांब, गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला केले. वहिनी त्या दिवशी घराबाहेरच आल्या नाहीत. वेदना देणारा माणूस आणि चारा देणारा माणूस वेगळे, जागाही वेगळी, हा नियम आम्ही ठरवून पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या तेव्हा अंतर ९ पावलांवरून ११ झाले होते. आम्ही याहून मोठ्या नुकसानीची तयारी ठेवली होती.

गुंगीत असतानाच डॉक्टरांनी टॉर्च लावून डोळे तपासले. उजव्या बुबुळावर जुना पांढरा व्रण होता, आत मोतीबिंदू होता आणि उजेड पडल्यावर बाहुली आकसत नव्हती. चांदणीला उजव्या डोळ्याने दिसतच नव्हते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने कपाळासमोरची आणि शेपटीमागची पट्टी सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. चांदणीच्या बाबतीत मात्र अर्धे जग अंधारात होते आणि त्या अंधारातून अचानक माणूस उगवत होता. मारहाणीची आठवण म्हणून आम्ही जे लिहिले होते ते आंधळेपण निघाले. फाटक तिच्या डाव्या बाजूला पडेल असे हलवले, चारा-पाण्याच्या जागा तशा बदलल्या आणि उजवीकडून जायचेच असेल तर आधी बोलत जाण्याचा नियम केला. त्या आठवड्यानंतर उजव्या बाजूने लाथ बसल्याची नोंद नाही.

पोळा

ऑगस्टच्या अखेरीस वहिनी तीन पावलांपर्यंत पोचल्या होत्या आणि हातातली लसूणघास घोडी मान लांब करून घेत होती. दिवाळीचे फटाके आणि पुढच्या लग्नसराईतील डीजे यांची योजना आम्ही आतापासून कागदावर मांडत होतो. पोळ्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही.

आदल्या दिवशी खांदशेकणी झाली, बैलांना आवतण दिले गेले. पोळ्याच्या दुपारी काकांनी गोठ्याच्या अंगणात, घोडीच्या जागेपासून दहा पावलांवर, बैल सजवायला घेतले. झूल चढेपर्यंत घोडी चरत होती. बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ पडली आणि पहिला आवाज झाला, त्याच क्षणी ती ताठ झाली. दुसऱ्या बैलाने मान हलवली तेव्हा ती उधळली, बल्ल्यांच्या तिन्ही बाजू टाळून नेमकी चौथ्या बाजूला गेली आणि काटेरी तारेत शिरली. छातीवर वीतभर लांबीची जखम झाली. काका बैल तसेच सोडून धावले आणि त्या वर्षी त्यांची जोडी तोरणाखाली उशिरा गेली.

तार काढायची राहिली होती, ही चूक आमची होती. जून ते ऑगस्ट या काळात ती काढण्यासाठी एक दुपारही सापडली नसती, असे म्हणता येणार नाही.

जखमेने नवा पेच उभा केला. पहिले दोन दिवस डॉक्टरांनी गुंगी देऊन सफाई केली, पण पावसाळ्यात उघडी जखम रोज धुतली नाही तर किडे पडतात आणि रोज गुंगी देणे योग्य नव्हते. जवळ जाऊ शकणाऱ्या फक्त वहिनी होत्या, त्याही आता १५ पावलांवर परत गेल्या होत्या. चारा देणाऱ्या हातानेच दुखवायचे का, यावर गटात वाद झाला. शेवटी पाठीवरचा फवारणी पंप नवा कोरा आणला, कारण वापरलेल्या पंपात कीटकनाशकाचा अंश राहतो, आणि त्यात मिठाचे निर्जंतुक द्रावण भरून लांबूनच जखम धुवायची असे ठरले. आधी पंप नुसता जमिनीवर ठेवला, मग त्याने मातीवर पाणी मारले, मग खुरांवर. घोडी निघून गेली तर फवारा थांबवायचा, ही अट कायम होती. पाचव्या दिवशी तिने छातीवर फवारा घेतला आणि चरत राहिली. मधले दिवस डॉक्टर एक दिवसाआड येत होत्या, त्यांच्या फेऱ्यांशिवाय हे जमले नसते.

गड्याशी झालेले बोलणे

घुंगरांचे कोडे सुटत नव्हते. बँडच्या आवाजाची भीती आम्ही गृहीत धरली होती, पण गावातून जाणाऱ्या ताशाला ती फक्त कान वळवत असे. पोळ्यानंतर दहा दिवसांनी काका कोणालाही न सांगता मालकाच्या जुन्या गड्याकडे गेले आणि त्याला मोटारसायकलवर बसवून शेतात घेऊन आले. आम्ही त्याला ज्या भाषेत बोललो होतो ते आठवून मला त्याच्याकडे बघवत नव्हते.

तो फाटकाबाहेर उभा राहिला. घोडीने त्याला ओळखले, हे तिच्या कानांवरून दिसले. ती मागे गेली, पण पळाली नाही. त्याने सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा: नाचवायला शिकवताना आधी पायांत घुंगरू बांधत आणि मग गुडघ्यांवर छडी मारत. “घुंगरं बांधले का तिले समजे, आता छडी,” असे तो म्हणाला. उजव्या डोळ्याचे त्याला ठाऊक होते. रात्री वरात आटोपल्यावर तो तिच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजवत असे आणि तेवढ्यानेच ती डोके टाकत असे. हे सगळे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. “तुम्ही इचारलंच नाही जी, मंग मी कायले सांगतो?”

आयाळीच्या मुळाची ती जागा घोडे एकमेकांना खाजवतात तीच असते आणि तिथे खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे. आम्ही आतापर्यंत पहिला स्पर्श कपाळावर करण्याच्या प्रयत्नात होतो, म्हणजे नेमका तिला न दिसणाऱ्या पट्टीत.

घुंगरांसाठी वेगळा क्रम आखला. एकच घुंगरू घेऊन त्याच्या पोटात कापूस दाबून भरला, म्हणजे आवाज जेमतेम यावा. ३० पावलांवरून तो दोन सेकंद वाजवायचा आणि त्यानंतर लसूणघास द्यायची. क्रम उलटा होऊन चालत नाही. आधी घास दिला आणि मग घुंगरू वाजले, तर घास हीच धोक्याची सूचना ठरते. आमच्यातील एका सहकाऱ्याने उत्साहाने दोन दिवस तसेच केले आणि घोडी घासाकडेही संशयाने पाहू लागली. ते निस्तरायला आठवडा गेला. पुढे चिमटीने थोडा थोडा कापूस काढत, अंतर कमी करत, डिसेंबरअखेर मोकळे घुंगरू पाच पावलांवर वाजले तरी ती घासासाठी मान वळवू लागली. दिवाळीच्या तीन रात्री शिकवण्याचा कोणताही प्रयत्न केला नाही. बकरीसह गोठ्यात आत घेतले, गावाकडचे दार बंद केले आणि भरपूर कडबा टाकून ठेवला.

वेगळे काय करता आले असते

तारेबद्दल लिहून झाले आहे. डोळ्यांची आणि दाढांची तपासणी पहिल्या पंधरवड्यातच, चांदणी अशक्त असताना आणि हाताळू देत असताना, व्हायला हवी होती. भीतीचे कारण मनात शोधण्याआधी शरीरात शोधले असते तर दीड महिना वाचला असता. दाढा तर आम्ही ऑक्टोबरमध्ये पाहिल्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा टोकदार होऊन गालाला घासत होत्या आणि त्या कानशीने घासल्यावर तिचे मान झटकणे निम्म्याने कमी झाले.

गड्याबाबत गटात अजूनही एकमत नाही. ज्याने छडी मारली त्याच्याकडून शिकायचे कसे, असे म्हणणाऱ्यांचे मत मी खोडून काढू शकत नाही. मात्र माहितीच्या दृष्टीने पाहिले तर ताबा घेण्याच्या दिवशीच तिची रोजची कामे, साज, बांधण्याची पद्धत, आवडीनिवडी आणि आजार यांची यादी त्याच्याकडून लिहून घेता आली असती आणि पोळा टळला असता. आता आम्ही प्रत्येक सुटकेच्या वेळी अशी यादी करतो. रागावायचे असेल त्याने त्या दिवशी घरी थांबायचे, एवढे ठरले आहे. मालकाच्या उरलेल्या दोन घोड्यांपैकी एकीच्या जखमेबद्दल पुढच्या उन्हाळ्यात त्याच गड्याने फोन करून कळवले.

एकाच माणसावर सर्व भार टाकण्याचा निर्णय मला आजही अर्धाच बरोबर वाटतो. त्यामुळे सुरुवात वेगाने झाली, परंतु वहिनी माहेरी गेल्या ते सहा दिवस घोडीने चारा निम्माच खाल्ला.

सध्याची स्थिती

चौदा महिन्यांनंतर चांदणीची अंगस्थिती ५ अंकांवर आहे. दोराचे मोहरके ती स्वतः नाक घालून घेते, चारही पाय देते आणि खुरांचे काम गुंगीशिवाय होते. नालबंद दादा मात्र डाव्या बाजूनेच सुरुवात करतात आणि उजवीकडे जाताना मोठ्याने बोलतात. लोखंडी लगाम तिच्या तोंडात पुन्हा घातलेला नाही आणि घालायचा नाही, असे ठरले आहे; तिच्यावर कोणी बसणारही नाही. गावातील एका लग्नासाठी, फक्त पूजेपुरती, तिची मागणी आली होती. काकांनी ती आमच्यापर्यंत पोचूच दिली नाही.

या वर्षीच्या पोळ्याला बैल मळ्यातल्या विहिरीपाशी सजवले गेले आणि घुंगुरमाळांचा आवाज दोनशे पावलांवरून आला. घोडीने मान वर केली, श्वास मिनिटाला २० झाले आणि तीन मिनिटांत ती पुन्हा चरू लागली. सध्या काकांचा पुतण्या रोज सायंकाळचा चारा टाकतो. तो सात पावलांवर आहे.